चाळीस लिंबं आणि एक ट्रॅक्टर

गाडीत बसून पट्टा लावला नाही की जो 'टिंग टिंग' आवाज येतो, तो मी करतो. म्हणजे तोंडाने नव्हे. तो किती वेळाने यावा, किती मोठ्याने यावा आणि तिसऱ्या मिनिटाला किती चिडका व्हावा, हे ठरवणारा पाच माणसांचा एक विभाग आमच्या कंपनीत आहे, त्यातला मी तिसरा. काम वाटतं तितकं सोपं नाही. पण ते समजावून सांगताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते काही बघवत नाहीत. म्हणून चेन्नईला आल्यापासून "आपण काय करता?" या प्रश्नाला मी एकच उत्तर देतो, "ऑटोमोबाईल इंजिनिअर." पुढे जे झालं ते सगळं या दोन शब्दांमुळे झालं.

आम्ही राहतो वेलचेरीत. इथे पाऊस जोरात पडला की सगळ्या दक्षिण चेन्नईचं पाणी एकमेकांना निरोप देऊन आमच्या फाटकाशी जमतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे दूध होडीतून आलं होतं, आणि होडीवाल्याने अर्ध्या लिटरच्या पिशव्या नाहीत म्हणून कुरकुर ऐकून घेतली होती. तेव्हापासून आमच्या असोसिएशनच्या प्रत्येक बैठकीत 'पूर' हा विषय पहिला असतो आणि चहा आला की संपतो.

यंदा मात्र त्या विषयाला चाकं फुटली. सी ब्लॉकमधल्या शेषगिरी रावांनी तंजावरकडचं शेत विकलं आणि कायमचे मुलाकडे राहायला आले. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेलं. मराठी बोलतात, पण ती ऐकताना एखादं जुनं दानपत्र कुणी तमिळ चालीवर वाचून दाखवतंय असं वाटतं. 'सगळे'ला ते 'अस्के' म्हणतात आणि 'कशाला'ला 'काहाला'. मी त्यांना अप्पा म्हणतो. शेत विकलं, बैलगाडी देऊन टाकली, पण ट्रॅक्टर विकायला मात्र त्यांचा हात होईना. तो त्यांनी लॉरीवर चढवून वेलचेरीत आणला आणि असोसिएशनला अर्ज दिला, 'पूर आल्यास माणसें वाहण्यास उपयोगीं.'

"संजीवा, तो मज लेकासारखा की," अप्पा मला म्हणाले. "कार्तिकापेक्षां सहा वर्षें वडील."

कार्तिक म्हणजे त्यांचा मुलगा, सिरुसेरीत कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो. आपल्या थोरल्या भावाला पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभा बघून त्याला विशेष आनंद झालेला दिसला नाही.

अडचण एवढीच होती की ट्रॅक्टर चालू होत नव्हता. आठ महिने उभा होता. किल्ली फिरवली तर साधा दिवासुद्धा लागेना. आमचे सेक्रेटरी वैद्यलिंगम सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी ताबडतोब बैठक बोलावली आणि ठराव वाचला. आयुधपूजेच्या दिवशी दुपारी बाराच्या आत, राहुकाळ लागायच्या आधी, सदर वाहन स्वतःच्या ताकदीने हललं तर 'पूरनिवारण वाहन' म्हणून राहील. नाही हललं तर भंगारवाल्याला बोलावण्यात येईल.

अप्पा मागच्या रांगेत बसले होते. 'भंगार' हा शब्द आला तेव्हा त्यांनी मांडीवरच्या टॉवेलची उगाच घडी केली आणि परत मोडली. मला ते बघवलं नाही, आणि मी उभा राहिलो.

"मी बघतो," मी म्हणालो. "मी ऑटोमोबाईल इंजिनिअर आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमची हेमलता शेजारीच बसली होती. तिने टाळी वाजवली नाही. "घरातला मिक्सर उघडून ठेवलायस, त्याला दिवाळीला वर्ष होईल," ती हळूच म्हणाली. खरं म्हणजे मिक्सर हा वेगळा विषय आहे, त्यात भाग मिळत नाहीत. पण हे सांगायची ती जागा नव्हती.

आता कोणताही प्रकल्प हाती घेताना आधी वातावरण तयार करावं लागतं, असं मला कंपनीत शिकवलेलं आहे. ट्रॅक्टरचा मूळ रंग कोणता हे सांगायला आता अप्पासुद्धा तयार नव्हते. योगायोगाने त्याच आठवड्यात आमच्या फाटकाला रंग देणं चाललं होतं आणि मोरपंखी रंगाचे दोन डबे उरले होते. मी रंगाऱ्याला बोलावलं आणि बॅटरीच्या वायरी, पट्ट्या वगैरे पान्याने स्वतः सोडवून दिल्या. रंगारी म्हणाला, तसाच वरून ब्रश फिरवतो. मी म्हणालो, नाही, काम नीट व्हायला हवं. इंजिनाला आणि गिअरबॉक्सला त्याच्याकडून दोन हात देऊन घेतले आणि रंग वाळल्यावर सगळ्या वायरी पुन्हा जागच्या जागी घट्ट आवळल्या. अप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून दिवसभर बघत होते. ट्रॅक्टर इतका देखणा दिसायला लागला की दोन मुलींनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले.

मग नवी बॅटरी आणली. ती चार्ज करायला पार्किंगमधला प्लग हवा होता. ती वीज सर्वांची, म्हणून वैद्यलिंगमनी अर्ज मागितला. अर्जात 'कारण' या रकान्यात मी 'ट्रॅक्टर' लिहिलं तर त्यांनी तो परत केला, कारण ट्रॅक्टर हे कारण नसून वस्तू आहे. तीन अर्जांनंतर बॅटरी चार्ज झाली. दहा-बारा जण जमले. अप्पांनी नमस्कार केला आणि मी किल्ली फिरवली.

'टक्.'

एवढंच. पुढचा दिवा लागला होता तो मिणमिणला, आणि किल्ली सोडल्यावर पुन्हा चांगला जळायला लागला. मी पुन्हा फिरवली. पुन्हा 'टक्.' माझ्या आयुष्यात आवाज हाच धंदा आहे, पण इतका अपमानास्पद आवाज मी कधी बनवला नाही.

त्या 'टक्'ने सोसायटीत नवचैतन्य आलं. तोपर्यंत लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलत नसे. आता प्रत्येक मजल्यावर एक सल्ला आत चढू लागला. बी ब्लॉकमधल्या कमलिनी मामींच्या मते दृष्ट लागली होती, आणि त्यांनी ट्रॅक्टरवरून भोपळा ओवाळून फाटकाशी फोडला. त्यावरून वॉचमन घसरला, ते प्रकरण वेगळं. तंजावरहून अप्पांचे मेव्हणे गुंडो राव यांनी फोनवर सांगितलं की सेल्फवर लाकडाच्या ओंडक्याने दोन टोले हाणा, वीस वर्षं आम्ही तेच करत आलो. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. मी टोले हाणले. 'टक्'चा आवाज जरा स्पष्ट झाला.

शेवटी मी शास्त्रीय पद्धतीने निष्कर्ष काढला की सेल्फ खराब आहे. तो काढायला मला रविवारचे पाच तास आणि उजव्या हाताची दोन नखं लागली. काढल्यावर कळलं की त्याचं वजन एखाद्या बाळसेदार पोरासारखं आहे, आणि रिक्षावाले त्या पोराला घ्यायला तयार नाहीत. शेअर ऑटोत सहा जणांमध्ये तो मांडीवर घेऊन मी निघालो. शेजारच्या बाईंनी पदर आवरून घेतला आणि विचारलं, बाँब आहे का? मी तमिळमध्ये सांगितलं की हा ट्रॅक्टरचा सेल्फ आहे. माझ्या तमिळमध्ये काय गडबड झाली कोण जाणे, पण पुढच्याच थांब्यावर चार जण उतरले.

दुकान दुरैराजचं. हा आमच्या भागातला जुना ऑटो-इलेक्ट्रिशियन. त्याने सेल्फ टेबलावर ठेवून त्याला थेट बॅटरीच्या वायरी लावल्या. सेल्फ असा गरगरला की टेबलावरचा चहा सांडला.

"सेल्फ उत्तम आहे, सार," तो म्हणाला. "गाडी कुठे आहे? मी येऊन बघतो."

इथे माझा अभिमान आडवा आला. इंजिनिअरच्या गाडीला बघायला इलेक्ट्रिशियन बोलावला, हे लिफ्टमध्ये कसं सांगायचं? मी म्हणालो, "गरज नाही, बाकीचं मी करतो." सेल्फ परत मांडीवर घेतला, घरी आणून बसवला आणि किल्ली फिरवली.

'टक्.'

मग मी किल्लीचा स्विच बदलला. टक्. क्लचखाली एक स्विच असतो, क्लच दाबल्याशिवाय गाडी चालू होऊ नये म्हणून, तो काढून त्याच्या वायरी मी एकमेकींना जोडल्या. त्यातली एक बहुधा भलतीच होती, कारण त्यानंतर क्लच दाबला की हॉर्न वाजायला लागला. वैद्यलिंगमनी दुपारी दोन ते चार हॉर्न वाजवण्यास मनाई करणारी नोटीस लावली, त्यात माझा फ्लॅट नंबर होता. अप्पा रोज सकाळी खाली येत, खुर्ची ट्रॅक्टरजवळ ओढत, मला फिल्टर कॉफी पाजत आणि काही बोलत नसत. दिवस उरत चालले तसे ते कॉफी अर्धीच पिऊ लागले.

आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी मी हात टेकले आणि जगातला सर्वात जुना उपाय जाहीर केला, धक्का. गाडी गिअरमध्ये टाकायची, लोकांनी ढकलायची, वेग आला की क्लच सोडायचा, इंजिन आपोआप फिरतं. पुस्तकात हे बरोबर आहे. अप्पा पुढे झाले होते, पण मी त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः सीटवर चढलो. वीस जणांनी मोरपंखी ट्रॅक्टरला खांदा दिला. पाहुण्यांच्या पार्किंगनंतर तळघरातल्या पार्किंगचा उतार लागतो. उताराचा फायदा घ्यावा, हे माझंच म्हणणं होतं.

ट्रॅक्टरला गिअरचे दांडे दोन असतात. एक नेहमीचा आणि दुसरा हळू-जोरात ठरवणारा, आणि दुसरा मधे राहिला तर पहिला कुठेही घातला तरी गिअर पडतच नाही. हे मला उतारावर कळलं. मी क्लच सोडला, काही झालं नाही. मी परत दाबला, हॉर्न वाजला. तसा हॉर्न वाजवत मी थेट खाली गेलो आणि खांबाजवळ भिंतीला हलकेच टेकून थांबलो. ट्रॅक्टर उताराच्या पायथ्याशी आडवा, आणि त्याच्या मागे तळघरात सोसायटीच्या चाळीस गाड्या.

क्रेनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, क्रेन धुऊन, हार घालून पूजेला लावलीय, आता परवा सकाळशिवाय हलणार नाही. दुसऱ्या क्रेनवाल्याने फोन उचलला तेव्हा मागे घंटाच वाजत होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं आणि अवजारं पुजतात, तसंच इथे आयुधपूजेला. पण इथे ते फार मनावर घेतात. पान्यापासून पेनापर्यंत, जे काही पोटाला घालतं ते सगळं चंदन-कुंकू लावून देवापुढे ठेवायचं आणि दशमीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आणि गाड्या धुऊन, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून त्यावरून पुढे न्यायच्या. त्यामुळे सकाळी दहा वाजता मी खाली आलो तेव्हा चाळीस कुटुंबं नवे कपडे घालून उताराच्या वर उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात लिंबू होतं. सगळे नुसती लिंबं हातात फिरवत होते आणि माझ्याकडे बघत होते. वैद्यलिंगमच्या हातात लिंबू होतं आणि दुसऱ्या हातात भंगारवाल्याचा नंबर लिहिलेला कागद.

अप्पा खाली ट्रॅक्टरपाशी होते. त्यांनी त्याच्या बॉनेटवर गंध लावलं होतं, आणि आता ते नुसता हात ठेवून उभे होते. मला त्या क्षणी माझी खरंच लाज वाटली. अभिमान, लिफ्ट, इंजिनिअर, सगळं बाजूला ठेवून मी रस्त्यावर पळत गेलो आणि पूजेच्या तयारीतल्या दुरैराजला पायापडी करून घेऊन आलो.

तो आला, पण हात पाठीमागे बांधून. "आज हत्याराला हात लावणार नाही, सार. डोळ्यांना पूजा नाही, डोळ्यांनी बघतो."

"बघ," मी म्हणालो.

"किल्ली फिरवा."

टक्. दिवा मिणमिणला.

"पुन्हा."

टक्. दुरैराज वाकला आणि बॅटरीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या जाड पट्टीकडे नुसता बघत राहिला. "करंट जातोय, परत येत नाहीये," तो म्हणाला. "अर्थिंग मिळत नाही. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या उघड्या लोखंडाला एक जाड वायर लावा. पान्याची गरज नाही, चिमट्याची वायर चालेल. मी हात लावणार नाही."

चिमट्याची वायर कार्तिकच्या गाडीच्या डिकीत होती. हेमलताने ती आणली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली, याची मी इथे कृतज्ञतेने नोंद करतो. एक चिमटा बॅटरीला लावला. पण उघडं लोखंड कुठे? मी चारी बाजूंनी फिरलो. सगळीकडे मोरपंखी. शेवटी सेल्फच्या बोल्टवर, जिथे त्या पाच तासांच्या झटापटीत रंग खरवडला गेला होता, तिथे दुसरा चिमटा लावला. त्या मोरपंखी रंगाकडे मी पुन्हा एकदा बघितलं, पण विचार करायला वेळ नव्हता. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"अप्पा, तुम्ही बसा," मी म्हणालो.

अप्पांनी धोतर खोचलं आणि सीटवर चढले. दोन्ही दांडे बघितले, क्लच दाबला. हॉर्न वाजला. किल्ली फिरवली.

इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि मग तळघर हादरेल असं धडधडायला लागलं. काळा धूर निघाला, कमलिनी मामींच्या नव्या साडीवर काजळी बसली आणि तरी त्या इकडच्या देवाचा जयजयकार करत ओरडल्या, "वेल, वेल!" मी चिमटे काढले. डिझेलला एकदा चालू झालं की बॅटरी लागत नाही, एवढं मला ठाऊक होतं. अप्पांनी ट्रॅक्टर सरळ केला आणि हळूहळू उतार चढवून वर आणला. वर पोचताच कुणीतरी चाकापुढे लिंबू टाकलं, मग दुसऱ्याने टाकलं, मग सगळ्यांनी. स्वतःच्या गाड्यांसाठी आणलेली चाळीसच्या चाळीस लिंबं त्या ट्रॅक्टरखाली गेली. वैद्यलिंगमनी घड्याळ बघितलं आणि हातातला कागद फाडला. अप्पा रडत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि लोकांनी हार कुणाच्या गळ्यात घातला? माझ्या. दुरैराज केव्हाच पूजेला परत गेला होता. त्याने तर कशालाच हात लावला नव्हता, चिमटे माझ्या हातात होते. दशमीला संध्याकाळी शाल देऊन सत्कार करायचं वैद्यलिंगमनी तिथेच जाहीर केलं.

दशमीच्या सकाळी मी पाना घेऊन खाली गेलो. ती जाड पट्टी सोडली. खाली गिअरबॉक्सवर दोन हात मोरपंखी रंग, गुळगुळीत, अजून नवा. वीज परत यायची जागा मी स्वतः निगुतीने बंद केली होती. मुळात ट्रॅक्टरला नुसती नवी बॅटरी हवी होती. पुढचे तीन आठवडे, सेल्फ, स्विच, हॉर्न, उतार, सगळं माझंच कर्तृत्व होतं.

मागे अप्पा उभे होते.

"अप्पा, हे बघा," मी म्हणालो. "माझ्यामुळे झालं."

"ठाऊक की," अप्पा म्हणाले. "पहिल्याच दिवशीं पाहिलें. पट्टी सोडलीस, खालीं रंग दिलास, वर पट्टी आवळलीस. मज वाटलें, नवी रीत असेल. तुझे कंपनींत असेंच करत असतील."

"आणि ते टक् झाल्यावर?"

"तेव्हां कळलें, नवी रीत नव्हे."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगूं? अस्के जण तिथें उभे. वैद्यलिंगम, शेजारपाजार, तुझी बायको. त्यांचे समोर तूं चुकलास म्हणून सांगूं? एकट्यास सांगितलें तरी पट्टी सोडतांना अस्के पाहतील. इतक्या लोकांत तूं एकटा उठलास माझेसाठीं." अप्पांनी आपले दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "मीच खरवडावें म्हटलें, तर पाना राहत नाहीं हातांत."

"अप्पा, ट्रॅक्टर भंगारात गेला असता!"

"गेला असता की," अप्पा म्हणाले, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. "झोंप नव्हती चार दिवस. पण तुझा मान गेला तर तो कोठून आणूं?"

मी खाली बसून रंग खरवडत राहिलो.

संध्याकाळी सत्काराला सगळी सोसायटी आली. वैद्यलिंगमनी इंग्रजीत माझं वर्णन केलं, त्यात 'दूरदृष्टी' हा शब्द दोनदा आला. शाल खांद्यावर पडली. मग मी माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. रंग, पट्टी, दुरैराजचे डोळे, दुसरा दांडा, आणि मी कंपनीत टिंग टिंग करतो, हेसुद्धा. मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग ते हसणं थांबेचना. हेमलता सर्वात मोठ्याने हसत होती, आणि टाळ्या वाजवत होती. वैद्यलिंगमनी शाल परत घ्यायची की नाही याबद्दल खजिनदारांशी कुजबुज केली आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

मी बाहेर आलो तर अप्पा ट्रॅक्टरवर बसले होते, आणि चेहरा लाल.

"तीन आठवडे मी तोंड मिटून बसलों," ते कडाडले. "तीन आठवडे! आणि तूं एका मिनिटांत अस्कें सांगून आलास? काहाला?"

"अप्पा, मला राहवलं नाही."

"राहवलें नाहीं म्हणे!" त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने शेजारचा मडगार्ड झटकला. "चढ. बैस इथें. पोटभर रागवायचें तर वेलचेरीच्या तळ्यापर्यंत जावें लागेल."